फुकटच्या परदेशप्रवासाचा खर्च कोण करतो?

मी बेळगावातील एका मराठी शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवितो. भिंतीवर जगाचा नकाशा टांगला की वर्गातील कोणीतरी विचारतोच, "सर, यातलं तुम्ही काय काय बघितलंय?" मी नेपाळवर छडी ठेवतो आणि वर्ग हसतो. आमच्यासारख्या पगारदार शिक्षकाचे परदेशगमन एवढेच. तरीही परदेशी कसे जावे, थोड्या पैशांत कसे जावे, पैसे नसतील तर जाताच येत नाही काय, हे विचारावयास मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे येतात. इंग्रजीचा मास्तर म्हणजे परदेशचा दरवान, असा आपल्याकडे समज आहे.

या समजापायी एका घराचे नुकसान माझ्या हातून झाले. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे लिहिणे कोणत्या हेतूने आहे हे वाचकांच्या ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई शाळा सुटता सुटता दारात आली. मुलगा विजेच्या कामाचे शिक्षण घेऊन दोन वर्षे घरी बसला होता. तिने मोबाईल पुढे केला. "सर, पोराला आखातात नोकरी लागलीया. तिकीट फुकट, व्हिसा फुकट, ऱ्हायाचं फुकट. जरा वाचून बघा की." मोबाईलवर एका कागदाचा फोटो होता. इंग्रजी शुद्ध होते, पगाराचा आकडा होता, खाली शिक्का होता. मी उभ्या उभ्या वाचले आणि म्हणालो, "कागद बरा दिसतो." एवढ्या माझ्या तीन शब्दांवर त्या माउलीने पाटल्या गहाण टाकून मध्यस्थाला नव्वद हजार रुपये दिले. नऊ महिन्यांनी मुलगा परत आला तो निम्मा होऊन. ज्याच्या नावाचा व्हिसा होता, त्या इसमाकडे काम नव्हतेच. तो दरमहा आपला हप्ता घेई आणि मुलाने काम मात्र दुसरीकडे, लपूनछपून शोधावे, असा तो व्यवहार होता. कराराला दुसरे पान होते आणि ते मी पाहिलेले नव्हते. पहिल्या पानावर 'फ्री' हा शब्द तीन वेळा आला होता. हे सारे देणार कोण, हे एकदाही लिहिलेले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

तेव्हापासून 'फुकट' हा शब्द दिसला की मी एकच प्रश्न विचारतो : हा खर्च कोण करतो, आणि त्याच्या बदल्यात त्याला काय हवे आहे? जहाजाला तेल लागते, विमानाला भाडे लागते, माणसाला रात्री छप्पर आणि दोन वेळा अन्न लागते. हा खर्च नाहीसा कधी होत नाही. तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. कधी यजमान तो उचलतो, कधी एखादे सरकार वा संस्था, कधी प्रवासी आपल्या श्रमाने फेडतो. आणि कधी, त्या मुलाच्या बाबतीत झाले तसे, तो प्रवाशाच्याच आईच्या पाटल्यांवर येऊन बसतो.

इतिहासात यजमानांच्या खांद्यावर सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे इब्न बतूता. मोरोक्कोतील तांजिअर या गावचा हा तरुण इ. स. 1325 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजयात्रेस म्हणून एकटाच घरून निघाला आणि चोवीस वर्षांनी मायदेशी परतला. एवढी वर्षे तो काय स्वतःच्या पैशाने हिंडला? मुळीच नाही. त्या काळी मोठ्या रस्त्यांवर आणि शहरांत धर्मशाळा, मठ, मदरसे होते आणि त्यांचा खर्च वक्फमधून, म्हणजे दान करून ठेवलेल्या मिळकतींच्या उत्पन्नातून चाले. दमास्कस शहरातील वक्फांचे वर्णन त्याने केले आहे ते आजही वाचण्याजोगे आहे. वाटसरूंना अन्न, वस्त्र आणि आपल्या देशी परत जाण्याचा खर्च मिळावा म्हणून तेथे वक्फ होते. इतकेच नव्हे, तर फुटलेल्या भांड्यांसाठीही एक होता. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीचे ताट पडून फुटले. लोकांनी त्याला सांगितले, तुकडे गोळा कर आणि त्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे जा. त्याने तुकडे दाखविले आणि त्याला नव्या ताटाचे पैसे मिळाले. नाहीतर मालकाने त्या पोराला मारले असते. फुटक्या ताटाची आणि पोराच्या पाठीची एकाच वेळी काळजी घेणाऱ्या त्या अनामिक दात्याचे मला मोठे कौतुक वाटते.

पण इब्न बतूताची हीच कथा पुढे हिंदुस्थानात आल्यावर निराळे वळण घेते. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाची रीत अशी की परदेशी पाहुण्याने नजराणा आणावा आणि सुलतानाने त्याच्या कित्येक पट परत द्यावे. ही रीत ठाऊक असलेले व्यापारी सरहद्दीवरच नव्या पाहुण्यांना गाठीत. नजराण्यासाठी घोडे, उंट, मालमत्ता उधार देत आणि पुढे दरबारातून मिळणाऱ्या बक्षिसातून आपले मुद्दल नफ्यासह वसूल करीत. इब्न बतूतानेही तसेच उधार घेतले. दिल्लीत त्याला काझीची जागा आणि बारा हजार दीनारांचे वेतन मिळाले, पण कर्ज वाढत वाढत पंचावन्न हजार दीनारांवर गेले आणि धनको तगादा लावून बसले. शेवटी सुलतानाने ते फेडले. मी हा भाग मुलांना शिकविताना म्हणतो की हे व्यापारी आजच्या व्हिसा-दलालांचे पणजोबा; फरक एवढाच की आपल्या पोरांचे कर्ज फेडावयास कोणी तुघलक बसलेला नाही.

हा प्रवासी आपल्या बाजूलाही येऊन गेला. 1342 साली सुलतानाने त्याला चीनला वकील म्हणून धाडले. दौलताबाद पाहून, नंदुरबार, खंबायत असे करीत, पुढे जहाजावर चढून तो किनाऱ्याने खाली आला. कालिकतला वादळात नजराण्याने भरलेली जहाजे गेली आणि तो नेसत्या वस्त्रानिशी उरला. मग होनावरच्या सुलतानाचा आश्रय त्याने घेतला आणि त्या सुलतानाने सांदापुरावर, म्हणजे आपल्या गोव्यावर, स्वारी केली तेव्हा हा पाहुणाही सैन्याबरोबर जहाजातून गेला.

यजमानाकडून काही न घेता, किंवा घेतले तर फक्त अन्न आणि एक रात्र, अशा प्रवासाचे आपल्या काळाजवळचे उदाहरण सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांचे आहे. अण्वस्त्रांच्या विरोधात पदयात्रा करावी म्हणून हे दोघे तरुण 1962 साली दिल्लीहून निघाले. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले. विनोबा मूळचे कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. त्यांनी दोघांना दोन गोष्टी सांगितल्या : बरोबर पैसा घेऊ नका आणि मांसाहार करू नका. खिशात पैसा असला म्हणजे माणूस खाणावळीत जेवतो, खोली घेऊन निजतो आणि गावाशी त्याचा संबंध येत नाही. पैसा नसला म्हणजे त्याला कोणाचे तरी दार ठोठावावे लागते, आणि दार उघडले की बोलणे होते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, काकेशस असे करीत ते पायी मॉस्कोला, तेथून पॅरिसला पोहोचले. पॅरिसमध्ये निदर्शने केल्याबद्दल तुरुंगात गेले. पुढे लंडन आणि वॉशिंग्टन. एकूण प्रवास आठ हजार मैलांचा भरला. वाटेत जॉर्जियातील एका चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या : अण्वस्त्रे बाळगणाऱ्या चार देशांच्या पुढाऱ्यांसाठी एकेक. बाँबची कळ दाबावी असे मनात आले तर आधी घटकाभर थांबून हा चहा प्यावा, हा निरोप. येथेही हे लपविण्याचे कारण नाही की समुद्र पायी ओलांडता येत नाही. अटलांटिकचे तिकीट दुसऱ्यांनी काढून दिले तेव्हाच ते अमेरिकेस पोहोचले.

अशी दारे ठोठावण्यास धैर्य लागते, आणि ओळखीवाचून ती उघडतीलच असे नाही. ही अडचण ओळखून युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर एक व्यवस्था उभी राहिली. 1949 साली डेन्मार्कमध्ये बॉब ल्युटवायलर या अमेरिकन तरुणाने आपल्या सोबत्यांसह 'सेर्व्हास' ही संस्था सुरू केली. एस्पेरांटो भाषेत या शब्दाचा अर्थ 'सेवा करतो' असा आहे. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशाच्या घरात राहावे, एका ताटात जेवावे, म्हणजे पुन्हा लढाया होणार नाहीत अशी त्यांची भाबडी म्हणा वा थोर म्हणा, श्रद्धा होती. ही संस्था अद्याप चालू आहे आणि भारतातही तिचे यजमान आहेत. पद्धत साधी आहे. निघण्यापूर्वी आपल्या देशातील प्रतिनिधी मुलाखत घेतो, ओळखपत्र देतो, सभासद-वर्गणी घेतो. मग परदेशातील यजमानाच्या घरी साधारणपणे दोन रात्री राहता येते. पैशाची देवघेव नाही. मात्र पाहुण्याने दिवसभर भटकून रात्री फक्त निजावयास यावे, हे बसत नाही. यजमानाला गप्पा हव्या असतात. आपली भाषा, आपला स्वयंपाक, आपल्याकडची लग्ने, आपल्याकडच्या जाती या सर्वांविषयी तो विचारणार आणि आपण सांगावयाचे. म्हणजे मोबदला आहेच, तो नाण्यात नाही एवढेच. याच धर्तीवर 2004 साली निघालेली 'काउचसर्फिंग' ही संगणकावरील सोय पुष्कळ वर्षे फुकट होती. 2020 साली तिला वर्गणी लावावी लागली. खर्च नाहीसा होत नाही म्हणतात तो असा.

आम्हा शिक्षकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वस्त मुक्कामाची जगभर पसरलेली 'यूथ होस्टेल' ही कल्पना एका शाळामास्तराची आहे. जर्मनीतील रिशार्ड शिरमान हे 1909 साली मुलांना पायी सहलीस घेऊन गेले असता वादळी पावसात सापडले. एका खेड्यातील शाळेत गवतावर त्यांनी रात्र काढली. मुले झोपली, मास्तर जागेच. सुट्टीत सगळ्या शाळा रिकाम्या असतात, मग प्रत्येक गावी एक वर्गखोली मुलांना निजण्यास का मिळू नये, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. पुढे आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात 1912 साली पहिले कायमचे वसतिगृह निघाले. आमच्याही शाळांच्या वर्गखोल्या मे महिन्यात रिकाम्याच असतात. त्या उघडून देण्यास किती अर्ज आणि किती सह्या लागतील, याचा हिशेब मी एकदा केला होता. असो.

माझा नेपाळचा प्रवास याच जातीचा. 2019 च्या मे महिन्यात आम्ही तिघे शिक्षक रेल्वेने गोरखपूरला गेलो आणि सोनौलीच्या नाक्यावरून चालत नेपाळात शिरलो. भारतीय नागरिकास नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. निवडणूक ओळखपत्र पुरते, पासपोर्टही लागत नाही. शंभर रुपयांहून मोठी भारतीय नोट मात्र त्या वेळी तेथे चालत नव्हती आणि आमच्याजवळ सगळ्या पाचशेच्या होत्या, तेव्हा पहिला अर्धा दिवस मोड मिळविण्यात गेला. जवळच लुंबिनी आहे, भगवान बुद्धाचे जन्मस्थान. तेथे निरनिराळ्या देशांनी मठ बांधले आहेत. कोरियन मठात थोडक्या पैशांत राहण्याजेवणाची सोय झाली. भात, भाजी, एक तिखट लोणच्यासारखा प्रकार. आणि जेवल्यावर आपले ताट आपण घासून जागच्या जागी ठेवावयाचे. ताट घासताना माझ्या एका बाजूस एक म्हातारी जपानी बाई होती आणि दुसऱ्या बाजूस एक स्पॅनिश विद्यार्थी. भूगोलाच्या पुस्तकात हे चित्र मी कधी पाहिले नव्हते. भूतानला जाण्यासही आपणास व्हिसा लागत नाही. परंतु 2022 पासून दर रात्रीस बाराशे रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात, ते आधी हिशेबात धरावे.

याच्या पलीकडच्या देशांस मात्र गरीब माणसाने जाणे आज 1962 पेक्षा अवघड झाले आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पासपोर्टाला पंधराशे रुपये, हे ठीक. पण युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी जून 2024 पासून 90 युरो फी आहे, ती नकार मिळाला तरी परत येत नाही. आणि अर्जासोबत बँकेतील शिल्लक, परतीचे तिकीट, मुक्कामाची जागा, विम्याचा कागद हे सारे दाखवावे लागते. म्हणजे पैसा खर्च करण्यासाठी नव्हे, तर दाखविण्यासाठी तरी जवळ हवा. गोऱ्या पर्यटकांची 'मी खिशात दमडी नसताना जग हिंडलो' अशा थाटाची पुस्तके आमची मुले वाचतात. त्या लेखकांच्या खिशात दमडी नसेल, पण पासपोर्ट होता असा की ज्यावर बहुतेक दारे आपोआप उघडतात. तो भेद पुस्तकात छापलेला नसतो.

श्रमाच्या बदल्यात अन्न-निवारा, हाही एक मार्ग आहे. 1971 साली लंडनमधील सू कोपर्ड या सेक्रेटरीबाईंनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी शेतावर राबता यावे म्हणून एक योजना काढली. तीच आज 'वूफ' या नावाने अनेक देशांत चालते. पाहुण्याने सेंद्रिय शेतावर दिवसाचे चार-सहा तास काम करावे, शेतकऱ्याने जेवण आणि बिछाना द्यावा. योजना चांगली आहे, परंतु आपल्या मुलांनी येथे फार जपावे. पैसे मिळोत वा न मिळोत, अन्नाच्या बदल्यात केलेल्या कामास पुष्कळ देश 'काम'च समजतात आणि पर्यटकाच्या व्हिसावर ते करू देत नाहीत. ब्रिटनमध्ये पाहुण्यास स्वयंसेवा करावयाची तर ती नोंदलेल्या धर्मादाय संस्थेतच आणि तीस दिवसांपर्यंतच करता येते. विमानतळावरील अधिकाऱ्याने विचारले असता "शेतावर काम करणार आहे" असे भाबडेपणाने सांगून तेथूनच परतीच्या विमानात बसावे लागेल, ही शक्यता आहे. यजमानाला आधी पत्राने आणि त्या देशाच्या वकिलातीला नंतर विचारावे. उत्तर लेखी घ्यावे.

आता विद्येच्या वाटेने जाण्याविषयी. माझ्या मते गरीब घरातील मुलाला हीच वाट सर्वांत प्रशस्त आहे. हिच्यातही देणारा कोण आणि त्याची अट काय, हे आधी पाहावे लागते. आनंदीबाई जोशी 1883 साली अठराव्या वर्षी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांच्या पतीने त्याआधी मिशनऱ्यांकडे मदत मागून पाहिली होती. मदतीचा रोख धर्मांतराकडे होता, म्हणून ती वाट खुंटली. तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील मिसेस कार्पेंटर या बाईंनी तो दंतवैद्याच्या दवाखान्यात बसल्या बसल्या वाचला आणि 'माझ्या घरी या' असे कळविले. त्यांची अट काहीच नव्हती. तिकिटासाठी आनंदीबाईंनी सोन्याच्या बांगड्या विकल्या. काही लोकांनी वर्गणी दिली. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. एका मुलीच्या प्रवासाला इतके खांदे लागले.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण आणखी बोलके आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करार असा की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. पुढे एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि ते लंडनला गेले. पण मुदत संपताच 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर हजर झाले, तर त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन. उसने पैसे त्यांनी मित्राकडून घेतले, दलालाकडून नव्हे.

आजच्या शिष्यवृत्त्यांपैकी ज्यांत खरोखर सर्व खर्च मिळतो अशा काही सांगतो. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी वर्षाला 125 जागा; कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि पदवीला साठ टक्के गुण हवेत. शेतमजुराच्या वा कारागिराच्या मुलालाही यात वाव आहे, हे आपल्या लोकांना बहुधा ठाऊक नसते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना मिळते, परंतु त्यासाठी महाराष्ट्राचा रहिवास लागतो. आमच्या बेळगावच्या मुलाची शाळा मराठी, पुस्तक मराठी आणि रहिवास कर्नाटकाचा. तेव्हा त्या यादीकडे त्याने पाहून उपयोग नाही. अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना 2022 पासून बंद झाली आहे. तिच्या नावाने अजूनही कोणी अर्ज विकत असेल तर घेऊ नये.

परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्यांत जातीधर्माची अट नसते. ब्रिटनची राष्ट्रकुल शिष्यवृत्ती 1959 पासून चालू आहे. तीत विमानभाडे, विद्यापीठाची फी आणि राहण्याचा खर्च येतो. युरोपातील 'इरास्मुस मुंडुस' ही पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे : दोन-तीन देशांतील विद्यापीठांत मिळून शिकावयाचे, फी नाही, आणि महिना 1,400 युरो मिळतात, विमानभाडे त्यातूनच काढावयाचे. जपान सरकार शाळेतील शिक्षकांना दीड वर्षासाठी बोलावते. पाच वर्षांचा अनुभव हवा, जाण्यायेण्याचे भाडे मिळते, दरमहा 1,43,000 येन मिळतात, सुरुवातीचे काही महिने जपानी भाषा शिकवितात. अट एवढीच की वय पस्तिशीच्या आत हवे. मला या योजनेचा पत्ता लागला तेव्हा माझे वय एकोणचाळीस होते. माझ्या तरुण सहकाऱ्यांनी तरी हे वाक्य दोनदा वाचावे.

अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीचा उगम गमतीचा आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकन फौजांचे सामान जगभर पडून होते. ते विकून त्या त्या देशांत जो पैसा उभा राहील तो विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या देवघेवीवर खर्चावा, असा कायदा सिनेटर फुलब्राइट यांनी 1946 साली करून घेतला. भारताशी करार 2 फेब्रुवारी 1950 रोजी झाला. 2008 पासून आपले सरकारही खर्चाचा बरोबरीचा वाटा उचलते, म्हणून तिला फुलब्राइट-नेहरू म्हणतात.

जर्मनीत शिक्षण फुकट आहे, असे मुले सांगत येतात. ते बरेचसे खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांस सहामाही 1,500 युरो पडतात. पण राहण्या-जेवण्याचे काय? व्हिसासाठी एका वर्षाचे 11,904 युरो खात्यात आधी अडकवून ठेवावे लागतात, हा आकडा 2024 चा. रुपयांत दहा लाखांच्या वर गेला. फी फुकट, पोट फुकट नव्हे.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला तरी पैसे पडतात काय? शिष्यवृत्तीला नाही. इंग्रजीच्या परीक्षेला सतरा हजारांच्या पुढे पडतात, प्रमाणपत्रे, टपाल आणि पासपोर्ट मिळून आणखी चार-पाच हजार. एवढी रक्कम गरिबाला जड जाते आणि तिच्यासाठी मात्र शिष्यवृत्ती मिळत नाही. विमानभाडे देणारी सरकारे आहेत, परीक्षा-फी देणारे कोणी नाही. गावोगावच्या विश्वस्त संस्थांनी वह्यावाटपाच्या जोडीस एखाद-दुसऱ्या मुलाची ही परीक्षा-फी भरली तर दमास्कसच्या फुटक्या ताटासारखे काम होईल. अर्जाची तारीख साधारण वर्षभर आधी असते; बारावीचा निकाल लागल्यावर धावणे व्यर्थ. शिफारसपत्र मागावयास येणाऱ्या मुलांनी ते आदल्या दिवशी मागू नये, ही माझी वैयक्तिक विनंती.

ज्यांना शिक्षणापेक्षा रोजगार हवा, त्यांच्यासाठी समुद्राची वाट आपल्या कोकण-गोव्यात जुनीच आहे. इंग्रजी आगबोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि मुदपाकखान्यात व सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी कित्येक दशके चालली. या माणसांनी लंडन, सिडनी, योकोहामा पाहिले ते पगार घेऊन. पण बोटीची वाट पाहत मुंबईत महिने काढावे लागत. तेथे भाडे परवडणार कसे? म्हणून गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत 'कूड' काढली. मोठी खोली, भिंतीशी पेट्यांची रांग, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, नाममात्र वर्गणी. गावच्या माणसाला जागा नाही म्हणावयाचे नाही. परदेशप्रवासाचा सर्वांत अवघड मुक्काम परदेशात नसून मुंबईत होता, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आणि आता पुन्हा त्या 'फ्री व्हिसा'कडे. नोकरीचा खरा व्हिसा मालक आपल्या खर्चाने काढतो आणि आपल्याच कामावर ठेवतो. आखातात ज्याला 'आझाद व्हिसा' म्हणतात, त्यात कागदावरचा मालक निराळा आणि कामाचा निराळा. ते तेथे बेकायदेशीर आहे. पकडले गेल्यास भोगतो तो कामगार. आपल्याकडे 1983 च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे कामगार भरती करणाऱ्याची सरकारकडे नोंदणी हवी, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येते, पावती देऊन. नोंदणी खरी की खोटी हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. दहावी न झालेल्यांस आखातासह अठरा देशांत नोकरीस जाण्यासाठी सरकारची मंजुरी लागते. 'पर्यटक म्हणून जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ' असे सांगणारा ही मंजुरी चुकवीत असतो. हे सारे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. पाच मिनिटांत ठाऊक होण्यासारखे होते.

तो मुलगा आता गोव्यात वास्कोला काम करतो. पाटल्या सुटण्यास त्याला अडीच वर्षे लागली. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही. गेल्या दिवाळीत ती पुन्हा शाळेत आली. या वेळी धाकट्या मुलीचे कागद होते, एका परिचारिका-प्रशिक्षणाचे. पिशवीतून सगळे काढून तिने टेबलावर पसरले, मूळ प्रती, पान नंबरवार लावलेल्या. "ह्या वेळी फोटो न्हाई आणला सर," म्हणाली. "बसून वाचा." आम्ही तासभर बसलो. सातव्या पानावर एक आकडा होता, त्याच्यापुढे कोण भरणार हे लिहिलेले नव्हते. तो प्रश्न मी संस्थेला लिहून पाठविला आहे. उत्तर येईपर्यंत सही करू नको, असे मुलीला सांगितले आहे.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी दोन तास शिक्षकखोलीत असतो. ज्यांना परदेशाचे कागद वाचून घ्यावयाचे असतील त्यांनी यावे. कागद मूळ आणावा, सर्व पाने आणावीत.